गोऱ्यांची आणीबाणी मुगाबेंनी का ठेवली?

दूरदेशी

क्रांती करून आलेले लोक पुढे ज्यांना हाकललं त्यांच्यासारखेच का वागायला लागतात, हा विषय इथे दर दोन-चार महिन्यांनी निघतो. मग कोणी फ्रान्स काढतं, कोणी रशिया, कोणी इराण, आणि शेवटी "खुर्चीचा गुण हो, दुसरं काय" म्हणून सगळे जेवायला जातात. मला हे उत्तर पटत नाही. खुर्चीला गुण येतो कुठून? म्हणून या धाग्यात एकच देश घेऊन बसू: झिम्बाब्वे. फ्रान्स-रशियावाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

पार्श्वभूमी थोडक्यात. ऱ्होडेशिया (झिम्बाब्वेचं जुनं नाव) म्हणजे मूठभर गोरे आणि त्यांच्या नावावर देशातली चांगली जमीन. १९३० च्या जमीन वाटप कायद्याने हे कागदावर पक्कं केलेलं. बहुसंख्याकांना सत्ता द्यावी लागू नये म्हणून इयन स्मिथच्या सरकारने ११ नोव्हेंबर १९६५ ला ब्रिटनला न जुमानता स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं. त्याच्या काही दिवस आधी देशात आणीबाणी लावलेली होती. ही आणीबाणी लक्षात ठेवा.

पुढे देशाची सत्ता हाती घेणारे रॉबर्ट मुगाबे तेव्हा तुरुंगात. पेशाने मास्तर, मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस. १९६३ च्या अखेरीस आत गेला तो १९७४ च्या अखेरीस बाहेर आला. भाषणाबद्दल झालेली शिक्षा केव्हाच संपली होती, बाकीची वर्षं निव्वळ स्थानबद्धता. आत राहून टपालाने पदव्या घेतल्या, इतर कैद्यांना शिकवलं. १९६६ मध्ये तीन वर्षांचा मुलगा घानात तापाने गेला. अंत्यविधीला जायची परवानगी मागितली, सरकारने नाकारली. विनाचौकशी डांबणं म्हणजे काय हे या माणसाला कोणी पुस्तकातून समजवायची गरज नव्हती.

मग गनिमी युद्ध, लंडनमध्ये झालेला लँकेस्टर हाउसचा सत्तांतराचा करार, निवडणूक, आणि १८ एप्रिल १९८० ला स्वातंत्र्य. इंदिरा गांधी त्या सोहळ्याला हजर होत्या. मुगाबेंची पहिली भाषणं समेटाची, आणि ती नुसती तोंडदेखली नव्हती. स्मिथचा सेनापती पीटर वॉल्स पदावर कायम. शेतीमंत्री गोरा. स्मिथ स्वतः संसदेत विरोधी बाकावर. आणि गुप्तहेर खात्याचा प्रमुख केन फ्लॉवर, ज्याच्या खात्याने मुगाबेंना मारायचे प्रयत्न केले होते, तोही कायम. जगाने टाळ्या वाजवल्या. मीही त्या काळात असतो तर वाजवल्या असत्या.

पण आणीबाणी उठली का? नाही. दर सहा महिन्यांनी संसदेत ठराव यायचा, मंजूर व्हायचा, तो थेट जुलै १९९० पर्यंत. म्हणजे जवळपास पंचवीस वर्षांच्या या आणीबाणीतली शेवटची दहा वर्षं मुगाबेंची आहेत.

तिचा उपयोग बघा. युद्धात दोन पक्ष लढले होते: मुगाबेंचा झानू आणि जोशुआ न्कोमोंचा झापू. १९८२ मध्ये झापूच्या शेतांवर शस्त्रं सापडली. न्कोमोंना मंत्रिमंडळातून काढलं आणि त्यांच्या फौजेचे दोन मोठे अधिकारी, डुमिसो डाबेंग्वा आणि लुकआउट मासुकू, यांच्यावर देशद्रोहाचा खटला भरला. मासुकू तोवर नव्या राष्ट्रीय सैन्यात उपसेनापती झाले होते. १९८३ मध्ये न्यायालयाने दोघांनाही त्या आरोपातून मुक्त केलं. लगेच पोलिसांनी पुन्हा ताब्यात घेतलं, आणीबाणीच्या नियमांखाली. १९८६ पर्यंत आत. मासुकू सुटले तेव्हा इतके आजारी होते की काही आठवड्यांतच गेले.

१९८३ मध्येच हवाई दलाच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचंही तेच. थॉर्नहिलच्या तळावर विमानं स्फोटाने उडवली गेली म्हणून त्यांना धरलं, छळ करून कबुलीजबाब घेतले, न्यायालयाने ते फेकून दिले, अधिकारी सुटले आणि सुटताक्षणी परत आत. कातडीचा रंग बघून भेदभाव केला नाही, हे मान्य करायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुगाबे मनाने बदलले की मुळात तसेच होते, हा वाद मानसशास्त्रवाल्यांनी घालावा. त्यांना सगळं तयार मिळालं: नियम छापलेले, अर्जांचे नमुने ठरलेले, कोठड्या बांधलेल्या, आणि हे सगळं चालवणारे लोक नोकरीत कायम. आयत्या बिळावर नागोबा. स्वतःचं बीळ खणायला लागलं असतं तर निदान आवाज तरी झाला असता.

कडू_कारले

लेख वाचला. माहिती आहे, पण जमिनीबद्दल एक वाक्य टाकून पुढे गेलात, आणि झिम्बाब्वेत तोच तर सगळा मामला आहे. स्वातंत्र्याच्या वेळी साधारण ६,००० गोरे शेतकरी उत्तम जमीन धरून बसले होते. करारात घालून ठेवलेलं की दहा वर्षं जमीन घ्यायची तर मालक विकायला राजी असेल तरच, बाजारभावाने. पैसे ब्रिटन देणार होतं. १९९७ मध्ये ब्रिटनच्या मंत्रीणबाई क्लेअर शॉर्ट यांनी पत्र लिहून कळवलं की जमीन खरेदीच्या खर्चाची आमच्यावर विशेष जबाबदारी नाही. मग करायचं काय होतं? डाबेंग्वा-मासुकूंवर ऐंशीच्या दशकात अन्याय झाला तेव्हा लंडनला झोप लागत होती. गोऱ्यांच्या शेताला हात लागला आणि मुगाबे एकदम हुकूमशहा झाले.

शेवटचा_बाक

केन फ्लॉवर हा अँडी फ्लॉवरचा कोण? (गंभीर प्रश्न आहे, हसू नका.)

दूरदेशी

@शेवटचा_बाक, कोणी नाही.

@कडू_कारले, लंडनच्या झोपेबद्दल शंभर टक्के सहमत. मुगाबेंच्या सैन्यातली पाचवी ब्रिगेड माताबेलेलँडमध्ये, म्हणजे न्डेबेले लोकांच्या मुलखात, माणसं मारत होती तेव्हा पाश्चात्त्य सरकारांना बहुतेक सगळं ठाऊक होतं. आणि फक्त लंडन कशाला, आपण १९८९ चा नेहरू पुरस्कार मुगाबेंनाच दिलाय. जमिनीची मागणी न्याय्य होती, यातही वाद नाही.

पण क्रम बघा. पहिली वीस वर्षं जमिनीचं काम रडतखडत चाललं. १९९७ मध्ये युद्धातले माजी सैनिक रस्त्यावर आले तेव्हा त्यांना प्रत्येकी ५०,००० झिम्बाब्वे डॉलर आणि वर पेन्शन, तिजोरीत पैसा नसताना. फेब्रुवारी २००० मध्ये नव्या घटनेवरच्या सार्वमतात सरकार हरलं. मुगाबेंचा मतपेटीतला पहिलाच पराभव. शेतांवर टोळ्या घुसल्या त्या त्याच महिन्यात. इतकी वर्षं थांबलेला न्याय नेमका निकालानंतर धावत सुटला. आणि शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे मजूर होते, त्यांचं काय झालं? त्यातल्या कित्येकांना मालकाबरोबरच हाकललं.

आता २००५ घ्या, कारण इथे गोरे नाहीतच. शहरांतल्या झोपड्या, टपऱ्या, घरामागच्या खोल्या बुलडोझरने पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे ७,००,००० माणसांचं घर गेलं, धंदा गेला किंवा दोन्ही. आधार कुठला? १९७६ चा नगररचना कायदा. स्मिथ सरकारचा! आफ्रिकन माणूस शहरात कामापुरता असावा, वस्तीला नको, या हिशेबाने चालणाऱ्या राजवटीने केलेला कायदा, मतं न देणाऱ्या वस्त्यांवर वापरला.

गौरी_क

मी वकिली करते, म्हणून या धाग्यात कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी टाकते, कारण दूरदेशींच्या म्हणण्याला त्या चपखल बसतात.

पहिली: एडगर टेकेरे. मुगाबेंचे जुने साथीदार, १९७५ मध्ये दोघं सीमा ओलांडून मोझांबिकला बरोबरच गेले होते. स्वातंत्र्यानंतर मंत्री. ऑगस्ट १९८० मध्ये, म्हणजे राज्य येऊन चार महिनेही झाले नव्हते, ते आणि त्यांचे अंगरक्षक एका शेतावर गेले आणि तिथला गोरा व्यवस्थापक गोळ्या लागून मेला. खुनाचा खटला उभा राहिला. बचाव काय घेतला असेल? स्मिथने १९७५ मध्ये आपल्या मंत्र्यांना आणि सैनिकांना वाचवायला एक कायदा केला होता. दहशतवाद मोडून काढताना "सद्‌हेतूने" केलेल्या कृत्याबद्दल खटला चालणार नाही, अशा अर्थाचा. ज्यांना "दहशतवादी" ठरवून तो केला, त्यांच्यातलाच एक मंत्री त्या कायद्याची ढाल पुढे करून उभा राहिला, आणि सुटला. न्यायाधीश विरोधात होते, पण दोन्ही असेसरांचं, म्हणजे निकालासाठी त्यांच्याबरोबर बसवलेल्या सहायकांचं, मत वेगळं पडलं.

नंतर सरकारने तो कायदा रद्द केला. छान. आणि १९८२ मध्ये आणीबाणीच्या नियमांतून सुरक्षा दलांना जवळपास तसंच संरक्षण परत दिलं. त्यानंतर काही महिन्यांत माताबेलेलँडमध्ये पाचवी ब्रिगेड उतरली.

दुसरी: १९६० चा सुव्यवस्था कायदा. हा स्मिथच्याही आधीचा. इतका जाचक की तेव्हाच्या ऱ्होडेशिया-न्यासालँड फेडरेशनचे सरन्यायाधीश रॉबर्ट ट्रेडगोल्ड यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. ते स्वतः गोरे, तिथल्याच प्रस्थापित घराण्यातले. राष्ट्रवादी चळवळीचे लोक याच कायद्याखाली आत जायचे. मुगाबेंनी तो आल्या आल्या फाडायला हवा होता, नाही का? तो २००२ पर्यंत पुस्तकात होता. जानेवारी १९९९ मध्ये मार्क चवुंडुका आणि रे चोटो या दोन पत्रकारांनी लष्करात बंडाचा कट शिजल्याची बातमी दिली. आधी लष्कराने उचललं, छळ केला, आणि मग आरोप ठेवला तो या कायद्याच्या कलमाखाली. दोघंही कृष्णवर्णीय, स्वतंत्र झिम्बाब्वेचे नागरिक.

आपण फार ताठ मानेने बोलू नये म्हणून जाता जाता: लोकमान्यांना १९०८ मध्ये ज्या १२४अ या राजद्रोहाच्या कलमाखाली मंडालेला पाठवलं, ते कलम १९४७ ला इंग्रजांबरोबर बोटीत बसलं नव्हतं. ते सर्वोच्च न्यायालयाने थोपवायला २०२२ उजाडलं.

शेवटचा_बाक

गौरीताई, टेकेरेंचं पुढे काय झालं?

गौरी_क

एकपक्षीय राजवटीला विरोध केला म्हणून पक्षातून हकालपट्टी. मग स्वतःचा पक्ष काढून १९९० ची निवडणूक मुगाबेंविरुद्ध लढले आणि हरले.

खडूस_मास्तर

दूरदेशी, मांडणी नीटनेटकी आहे, पण तुम्ही सगळं खापर स्मिथच्या फडताळावर फोडताय. हिंसा काय फक्त वारशात मिळाली? मार्च १९७५ मध्ये लुसाकात झानूचे अध्यक्ष हर्बर्ट चिटेपो गाडीतल्या बॉम्बने मेले. पुढे ते काम ऱ्होडेशियाच्या हेरांनी केल्याचं बाहेर आलं, पण तेव्हा संशय पक्षातल्या पक्षात होता आणि झांबियाने झानूचे लोक घाऊक पकडले, यावरूनच घरचं वातावरण कळावं. मोझांबिकच्या छावण्यांत वेगळा विचार मांडणाऱ्या तरुण कमांडरांना मुगाबेंच्याच काळात डांबलं होतं. तेव्हा हातात ना संसद, ना स्मिथची आणीबाणी.

पाचवी ब्रिगेड तर ऱ्होडेशियन नव्हतीच. तिला शिकवलं उत्तर कोरियाच्या प्रशिक्षकांनी. बाकी सैन्यापेक्षा वेगळी, डोक्यावर लाल टोप्या, थेट पंतप्रधान मुगाबेंना जबाबदार. १९८३ पासून न्डेबेले मुलखात तिने जे केलं त्यातल्या मृतांचा आकडा २०,००० पर्यंत सांगितला जातो. ब्रिगेडचा प्रमुख पेरेन्स शिरी पुढे हवाई दलाचा प्रमुख आणि मग शेतीमंत्री झाला. म्हणजे यांनी स्वतःचं बीळही खणलंच की. आवाज झाला का? चौकशी आयोगाचा अहवाल आजतागायत छापलेला नाही.

माझ्या मते कारण सोपं आहे. बंदुकीच्या बळावर जिंकलेला पक्ष लष्करी शिस्तीतच वाढलेला असतो. तिथे विरोधक म्हणजे फितूर. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि हा पीळ घरचाच होता.

फ्रान्सिसटाउनकर

मी एरवी वाचनमात्र असतो. २००७ ते २००९ बोट्स्वानात फ्रान्सिसटाउनला एका बांधकाम कंपनीत स्टोअर सांभाळायचो. झिम्बाब्वेची सीमा तिथून जवळ. १९८३ मध्ये न्कोमो जीव वाचवायला पळाले ते याच वाटेने, असं तिथे कोणीही सांगतं.

महिनाअखेरीला आमच्या गावातल्या दुकानांत पलीकडून आलेल्या बायकांची गर्दी असायची. गोडेतेल, मक्याचं पीठ, साबण, साखर. चौकड्यांच्या मोठ्या पिशव्या, त्यांची तोंडं दोरीने शिवलेली, आणि बसच्या टपावर चढवताना भांडणं. पूर्वी ज्या देशातून मका बाहेर जायचा तिथले लोक पीठ घ्यायला बाहेर येत होते. बोट्स्वानाने सीमेवर विजेचं कुंपण घातलेलं. सरकारी कारण गुरांचा लाळ्या-खुरकुत. आमच्याकडचा गवंडी म्हणायचा, आम्हीच ती गुरं.

तो गवंडी केझी भागातला, न्डेबेले, माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. मी त्याला एकदा हाच प्रश्न विचारला होता, स्मिथ आणि मुगाबे सारखेच का रे? त्याला प्रश्नच आवडला नाही. स्मिथच्या सैन्याने युद्धात गावकऱ्यांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं आणि धान्य मोजून द्यायला सुरुवात केली, म्हणजे गनिमांना भाकरी पोचू नये. १९८४ च्या दुष्काळात नव्या सरकारच्या सैन्याने त्याच्या भागात दुकानं बंद केली, धान्य येऊ दिलं नाही, कारण तेच: बंडखोरांना पोचू नये. तो दोन्ही वेळा तिथे होता. पण त्याच्या लेखी मोठा फरक होता. पहिल्या वेळी त्यांना माहीत होतं की हे जाणार. दुसऱ्या वेळी तक्रार कोणाविरुद्ध करायची, हेच कळत नव्हतं.

मास्तर म्हणतात तसं कोरियन प्रशिक्षण खरं असेलही. पण उपाशी मारायची युक्ती त्या भागाने आधी पाहिलेली होती.

कडू_कारले

@फ्रान्सिसटाउनकर, लिहीत जा हो.

बाकी, मुगाबेंनी खेडोपाडी शाळा आणि दवाखाने काढले, साक्षरतेत देश आफ्रिकेत पुढे गेला, हेही कोणी लिहा. स्मिथच्या राज्यात हे झालं नव्हतं. "दोघं सारखेच" म्हणणं हा त्या मुलांवर अन्याय आहे.

दूरदेशी

शाळांचं श्रेय द्यायलाच हवं, आणि त्याच शाळांत शिकलेल्या पिढीने २००० मध्ये "नाही" म्हणून मत दिलं, हेही.

मास्तर, तुमचा मुद्दा वजनदार आहे. तरी बघा: ब्रिगेड नवी आणली, पण ती बिनदिक्कत वावरली कशाच्या जोरावर? संचारबंदी आणीबाणीतली. पत्रकारांना त्या भागात मज्जाव आणीबाणीतला. आणि खटल्यापासून संरक्षण गौरीताईंनी सांगितलं ते. हिंसेची ऊर्मी घरची होती असं धरू. तिला कायदेशीर करायचं यंत्र आयतं होतं. युद्धातून आलेला प्रत्येक पक्ष थोडाफार असाच असतो, मग प्रत्येक ठिकाणी निकाल सारखा का लागत नाही?

सई_पु

याचं उत्तर शेजारीच आहे. दक्षिण आफ्रिका. मंडेलांचा पक्षही सशस्त्र लढा दिलेलाच, त्यांच्या छावण्यांतही छळ झालेले आहेत. पण तिथे सत्तांतराआधी घटनेवर वर्षानुवर्षं घासाघीस झाली आणि नवं घटनापीठ बसवलं. त्या पीठाने १९९५ मध्ये फाशी रद्द केली, जनमत फाशीच्या बाजूने असताना. न्यायालयाची इमारत जोहान्सबर्गच्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर आहे आणि कच्च्या कैद्यांची बराक पाडून निघालेल्या विटा तिच्यात वापरल्यात. मंडेला १९९९ मध्ये एक मुदत संपवून घरी गेले.

नंतर राष्ट्राध्यक्ष झुमांनी काय दिवे लावले ते माहीत आहे. पण झुमांना जावं लागलं, आणि पुढे न्यायालयाच्या अवमानासाठी तुरुंगातही. मुगाबेंना काढायला २०१७ मध्ये रणगाडे लागले.

खडूस_मास्तर

सई, मग तुम्ही दूरदेशींच्या बाजूने बोलताय की माझ्या? मंडेला गेले कारण मंडेला तसे होते. विटांनी कोणी खुर्ची सोडत नाही.

शेवटचा_बाक

मला क्रिकेट सोडून काही कळत नाही, तरी टाकतो. हेन्री ओलोंगा आठवतो? १९९८ ला शारजात सचिनला उसळत्या चेंडूवर काढलं आणि मग फायनलला सचिनने त्याची जी धुलाई केली ती. आपल्याकडे तो तेवढ्यावरच संपतो. पण १० फेब्रुवारी २००३ ला, हरारेत, विश्वचषकाच्या सामन्यात तो आणि अँडी फ्लॉवर दंडाला काळी फीत बांधून उतरले. देशात लोकशाही मेली म्हणून सुतक. झिम्बाब्वे क्रिकेटचे आश्रयदाते तेव्हा स्वतः मुगाबे! दोघांचीही देशाकडून खेळायची कारकीर्द तिथेच आटोपली, दोघंही इंग्लंडला गेले. ओलोंगा झिम्बाब्वेकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याला गोऱ्यांचा हस्तक ठरवायला फार वेळ लागला नाही.

कडू_कारले

हे मात्र वाईट झालं. ओलोंगाबद्दल मी काही बोलणार नाही.

पण मुगाबेंनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या मनांगाग्वांच्या काळात निदान कायदे तरी बदलले ना? १९६० च्या सुव्यवस्था कायद्याच्या जागी २००२ मध्ये जो कायदा आला, तो २०१९ मध्ये रद्द झाला असं वाचलंय. आता सभेला परवानगी लागत नाही, नुसती सूचना द्यायची.

गौरी_क

कारलेसाहेब, "नुसती सूचना" २००२ च्या कायद्यातही होती. १९६० च्या कायद्यातली परवान्याची अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घटनाबाह्य ठरवली होती, म्हणून नव्या कायद्यात सूचना लिहिली. सूचना दिली की पोलीस बंदी घालू शकतात, दिली नाही तर संयोजक गुन्हेगार. २०१९ च्या कायद्यात नाव बदललं, काही टोकं घासली, आणि ही पद्धत तशीच ठेवली. मनांगाग्वा कोण, तर ऐंशीच्या दशकात गुप्तहेर खातं ज्यांच्या हाताखाली होतं ते सुरक्षामंत्री.

दूरदेशी

आणि त्यांना मिळालेली मुदत २०२८ पर्यंतची होती. पक्षाने २०२४ च्या बुलावायो परिषदेत ठराव केला की २०३० पर्यंत राहू द्या. ठराव दर सहा महिन्यांनी करायचा त्रास नको, एवढी सुधारणा आहे.

@फ्रान्सिसटाउनकर, केझीबद्दल जमेल तेव्हा वेगळा धागा काढाच. १९८४ च्या भलाग्वेच्या छळछावणीबद्दल कॅथलिक आयोगाचा १९९७ चा अहवाल आहे, मी त्यातले मुद्दे तिथे टाकतो.